सोलापुरात व्हॉल्व्हचा गिटार ॲम्प बांधायचा तर

गिटार शिकणारी पोरं मला एक प्रश्न वारंवार विचारतात. जुन्या रेकॉर्डवरच्या गिटारचा तो भरलेला, किंचित खरखरीत आवाज आपल्या छोट्या ट्रान्झिस्टर ॲम्पमधून का निघत नाही? कारण त्या काळचे ॲम्प व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांचे होते. ट्रान्झिस्टरला झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की तो लाटेचा माथा सुरीने कापल्यासारखा कापतो. व्हॉल्व्ह मात्र आधी हळूहळू दबतो, मग फाटतो. हलक्या हाताने वाजवलं तर आवाज स्वच्छ आणि जोरात वाजवलं तर खरखरीत, ही सूट व्हॉल्व्हचा ॲम्प बोटांना देतो. असा ॲम्प सोलापुरात बसून बांधता येतो. घाई मात्र करायची नाही.

सुरुवात कुठल्या सर्किटपासून करावी याबद्दल माझं मत ठाम आहे. फेंडर कंपनीचा १९५० च्या दशकातला ‘चॅम्प’ घ्या, त्यातही त्याचं ५एफ१ हे सर्किट. लिओ फेंडर मुळात कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. हे सर्किट पाहिलं की ते लगेच कळतं, कारण घरगुती रेडिओच्या आवाजाच्या भागाशी त्याचं सख्खं नातं आहे. यात तीनच व्हॉल्व्ह आहेत. १२एएक्स७ गिटारचा सिग्नल दोन टप्प्यांत वाढवतो, ६व्ही६ स्पीकर हलवतो आणि ५वाय३ एसीचा डीसी करतो. बटण एकच, आवाजाचं. ताकद सुमारे ५ वॅट, पण घरात ती भरपूर होते. रिव्हर्बवाला (आवाजाला घुमारा देणारा) मोठा ॲम्प पहिल्याच फटक्यात बांधायला घेतला की तो महिनोन्महिने टेबलावर उघडा पडून राहतो, हे मी ओळखीच्या दोघांच्या घरी पाहिलं आहे.

आधी विजेचं

या ॲम्पच्या आत ३३० ते ३५० व्होल्ट डीसी असतो. जुने रेडिओ मेकॅनिक त्याला ‘एचटी’ म्हणतात, मीही तोच शब्द वापरतो. प्लग काढला तरी फिल्टरच्या, म्हणजे डीसी गुळगुळीत करणाऱ्या, कंडेन्सरमध्ये तो भरून राहतो. घरात आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवलाय, शॉक लागलाच तर तो ट्रिप होईल, असं बरेच जण धरून चालतात. तसं होत नाही. एचटीचा शॉक ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूला, त्या बंद वेटोळ्यात लागतो आणि मुख्य लाइनवरच्या आरसीसीबीला त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून सवयीच तुम्हाला वाचवतात.

पहिल्या फिल्टर कंडेन्सरवर २२० किलोओहमचा २ वॅटचा रेझिस्टर कायमचा लावून टाका. बंद केल्यावर मिनिटभरात तो बहुतेक सगळा चार्ज उतरवतो. त्यावरही विसंबू नका. १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरला दोन वायरी आणि इन्सुलेटेड क्लिपा जोडून एक काडी बनवा. आत हात घालण्याआधी ती चॅसिस (ॲम्पचा धातूचा सांगाडा) आणि एचटी यांच्यामध्ये काही सेकंद धरा, मग मीटर लावून व्होल्टेज शून्याजवळ आल्याची खात्री करा. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची नाही, त्याने कंडेन्सरही मरतो आणि डोळ्यांनाही धोका असतो. चालू ॲम्पमध्ये मोजताना मीटरची काळी क्लिप चॅसिसला अडकवून ठेवायची आणि लाल प्रोब एकाच हातात धरायचा. दुसरा हात खिशात. घरात कोणी नसताना चालू ॲम्पवर काम करायचं नाही.

अर्थिंगचं वेगळं सांगतो, कारण आपल्या जुन्या वाड्यांत आणि चाळींत अजून दोन पिनांचे सॉकेट आहेत. तीन पिनांचं सॉकेट असलं तरी आत अर्थची वायर जोडलेली असेलच असं नाही. मीटर एसीवर लावून फेज आणि अर्थमध्ये मोजा, २३० च्या आसपास यायला हवं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. मूळ अमेरिकन ॲम्प दोन पिनांचे होते. तेवढी एक गोष्ट जुनी ठेवायची नाही. तीन पिनांची वायर घ्या आणि तिची हिरवी तार स्वतंत्र बोल्टने चॅसिसला घट्ट आवळा. फेजवर ५०० मिलीॲम्पियरचा स्लो-ब्लो फ्यूज टाका.

जुन्या बाजारात मिळालेला व्हॉल्व्हचा रेडिओ फोडून ॲम्प करायचा विचार असेल तर आधी व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. यूसीएल८२, यूवाय८५ अशी ‘यू’ने सुरू होणारी नावं असतील तर तो सेट बिनट्रान्सफॉर्मरचा आहे. त्याची चॅसिस थेट मेन्सला जोडलेली असते. त्याला गिटार लावली तर तारांतून वीज थेट हातात येईल. तो सेट रेडिओ म्हणूनच राहू द्या.

ट्रान्सफॉर्मर

ॲम्पचा निम्मा खर्च आणि निम्म्याहून जास्त आवाज ट्रान्सफॉर्मरमध्ये असतो. बाहेरून मागवलेला अमेरिकन किट १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. स्टेपडाउन लावला तरी ६० हर्ट्झसाठी बेताने बनवलेला गाभा ५० हर्ट्झला जास्त तापतो. म्हणून मी इथेच ट्रान्सफॉर्मर वाइंड करून घेण्याच्या बाजूने आहे. यंत्रमागांमुळे आपल्या गावात मोटर रिवाइंडिंगवाले भरपूर आहेत. पण मोटर भरणं वेगळं आणि ट्रान्सफॉर्मर भरणं वेगळं. स्टॅबिलायझर आणि चोक भरणारा माणूस शोधा आणि त्याच्या हातात लिहिलेला कागद द्या, तोंडी सांगू नका.

प्रायमरी म्हणजे वीज आत येते ते वेटोळं, सेकंडरी म्हणजे बाहेर जाते ते. पॉवर ट्रान्सफॉर्मरसाठी कागदावर हे लिहा: प्रायमरी २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. सेकंडरी पहिली ३००-०-३०० व्होल्ट, ८० मिलीॲम्पियर. दुसरी ५ व्होल्ट, २ ॲम्पियर. तिसरी ६.३ व्होल्ट, २ ॲम्पियर, मधल्या टॅपसह. ५ व्होल्टची सेकंडरी ५वाय३ च्या फिलामेंटला जाते आणि तिच्यावर पूर्ण एचटी बसतो, तेव्हा तिचं इन्सुलेशन चांगलं द्यायला सांगा. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये तांब्याच्या पातळ पत्र्याचा पडदा मागा. त्याची दोन टोकं एकमेकांवर येतील, पण मध्ये कागद असेल, अशी ठेवायची. टोकं चिकटली तर तो शॉर्ट झालेला वेढा होतो. पडद्याची वायर अर्थला जाते. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. शेजारी माग सुरू-बंद झाले की लाइनवर चटचट येते, त्यामुळे मला या पडद्याची किंमत कळलेली आहे. काम झालं की वाइंडरकडच्याच मेगरने प्रत्येक वाइंडिंग आणि गाभा यांच्यातलं इन्सुलेशन तपासून घ्या.

व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाजूक. माझा पहिला वाया गेला तो इथेच. ६व्ही६ एकटाच काम करतो, त्यामुळे त्याचा ४० मिलीॲम्पियरचा डीसी प्रायमरीतून कायम एकाच दिशेने वाहतो. गाभ्याच्या लोखंडी पट्ट्या नेहमीसारख्या आलटून-पालटून घातल्या की गाभा त्या डीसीने भरून जातो आणि जाड तारांचा आवाज लापशीसारखा होतो. माझ्या वाइंडरने तसंच केलं होतं. मी ‘एअर गॅप’, ‘सॅच्युरेशन’ असं बरंच काही बोललो होतो आणि ते त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. दुसऱ्या खेपेला मी ट्यूबलाइटचा चोक उघडून दाखवला. तो म्हणाला, “चोकसारखं म्हणा की सरळ!” सगळ्या ‘ई’ पट्ट्या एका बाजूने, सगळ्या ‘आय’ दुसऱ्या बाजूने आणि मध्ये कागदाचा एक पातळ तुकडा. तारा त्याच, गाभा तोच, आणि खालचा सूर स्वच्छ वाजू लागला.

८ ओहमचा स्पीकर असेल तर प्रायमरी ८ किलोओहमला बसवण्यासाठी वेढ्यांचं प्रमाण ३१.६ ला १ हवं. ४ ओहमचा असेल तर ४४.७ ला १. प्रायमरीचे दोन भाग करून सेकंडरी त्यांच्या मध्ये गुंडाळायला सांगा, वरचे सूर मोकळे होतात. गाभा १० ते १५ वॅटचा घ्या. घरी आणल्यावर पडताळणी सोपी आहे. १२ व्होल्टच्या साध्या ट्रान्सफॉर्मरमधून प्रायमरीला १२ व्होल्ट एसी द्या. ८ ओहमवाल्याच्या सेकंडरीवर ०.३८ व्होल्टच्या आसपास यायला हवं.

बाकीचं सामान

रेझिस्टर, वायर, फ्यूज होल्डर, टॅग स्ट्रिप हे इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं. व्हॉल्व्हचे सॉकेट आणि ४५० व्होल्टच्या वरचे कंडेन्सर मिळाले नाहीत तर पुण्याची तपकीर गल्ली आहे. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी व्हॉल्व्ह बनवले, पण आज नवा व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, चीन किंवा स्लोव्हाकियातून येतो आणि तो ऑनलाइनच मागवावा लागतो.

फिल्टर कंडेन्सरमध्ये काटकसर नको. व्हॉल्व्हचा भार नसेल तर ३०० व्होल्ट एसीचा माथा ४२४ व्होल्टवर जातो. रात्री लोड उतरून लाइन २४५ झाली तर ४५० च्याही पुढे. म्हणून ५०० व्होल्टचे घ्या, १०५ अंशांचे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत खोलीच चाळिशीच्या पुढे असते, आणि त्यात ॲम्पच्या पेटीतली उष्णता मिळते. मूल्यं: पहिला १६ किंवा २२ मायक्रोफॅरड, पुढचे दोन १०-१० चे. घुरघुर कमी व्हावी म्हणून पहिला कंडेन्सर ४७ किंवा १०० चा टाकण्याचा मोह होतो. तो आवरा, कारण चार्जच्या झटक्याने ५वाय३ जातो.

जोडणी

चॅसिसला दीड-दोन मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा पुरेसा आहे. भोकं पाडण्याआधी दोन्ही ट्रान्सफॉर्मर पत्र्यावर ठेवून बघा. त्यांचे गाभे एकमेकांना काटकोनात हवेत आणि पॉवरवाला गिटारच्या जॅकपासून शक्य तितका लांब. सुटे भाग लावायला हायलमच्या (वीज न वाहणाऱ्या कडक पत्र्याच्या) पट्टीवर रिव्हेट ठोकून बोर्ड करा. छापील सर्किट बोर्डपेक्षा हा बरा, पुढे बदल करताना दहा वेळा डाग काढला तरी त्याला काही होत नाही.

व्हॉल्व्हच्या आत हीटर कॅथोडला तापवतो, कॅथोडमधून निघालेला प्रवाह प्लेटकडे जातो आणि मधली ग्रिड तो कमी-जास्त करते. सॉकेटच्या पिना खालून, वायरींच्या बाजूने, घड्याळाच्या दिशेने मोजतात. १२एएक्स७ मध्ये ४ आणि ५ एकत्र जोडून ६.३ व्होल्टचं एक टोक, ९ वर दुसरं. पहिल्या अर्ध्या भागाची प्लेट १, ग्रिड २, कॅथोड ३, आणि दुसऱ्याची ६, ७, ८. ६व्ही६ चा हीटर २ आणि ७, प्लेट ३, स्क्रीन (ग्रिड आणि प्लेटच्या मधली दुसरी जाळी) ४, ग्रिड ५, कॅथोड ८. ५वाय३ चं फिलामेंट २ आणि ८, प्लेटा ४ आणि ६, एचटी निघतो तो ८ वरून.

सर्वांत आधी हीटरच्या वायरी ओढा. दोन्ही घट्ट पिळून, चॅसिसच्या कोपऱ्यातून, बाकी सगळ्यांपासून दूर. मधला टॅप ग्राउंडला. मग एचटीची साखळी: पहिल्या कंडेन्सरवरून आउटपुट ट्रान्सफॉर्मर, १० किलोओहमनंतर दुसऱ्यावरून ६व्ही६ ची स्क्रीन, पुढे २२ किलोओहमनंतर तिसऱ्यावरून १२एएक्स७ च्या दोन्ही प्लेटा, प्रत्येकी १०० किलोओहममधून. कॅथोडवर दीड-दीड किलोओहम. दोन टप्प्यांच्या मध्ये ०.०२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि १ मेगओहमचा व्हॉल्यूम, ६व्ही६ च्या आधी पुन्हा तेवढाच कंडेन्सर आणि ग्राउंडला २२० किलोओहम. ६व्ही६ च्या कॅथोडला ४७० ओहम, ५ वॅट, आणि त्याच्यावर २५ मायक्रोफॅरड. स्पीकरच्या टोकावरून दुसऱ्या टप्प्याच्या कॅथोडवर येणारा २२ किलोओहम म्हणजे फीडबॅक. तो आज जोडू नका, सुटा ठेवा.

मूळ आराखड्यात नसलेल्या दोन गोष्टी मी पहिल्यापासून घालतो. ६व्ही६ च्या ग्रिडला अगदी सॉकेटवरच दीड किलोओहम आणि स्क्रीनला ४७० ओहम, १ वॅट. त्याने आवाजात फरक पडत नाही आणि व्हॉल्व्ह शांत राहतो.

पहिल्यांदा चालू करताना

सिरीज बोर्डवर (ॲम्पला जाणारी वीज बल्बमधून नेणारा बोर्ड) १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब लावा. एलईडी चालत नाही. सगळे व्हॉल्व्ह बाहेर ठेवून चालू करा. बल्ब क्षणभर चमकून विझला पाहिजे. जळत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बंद करा आणि शोधा. हीटरवर ६.३ आणि ५ व्होल्टच्या किंचित वर दिसेल, ते ठीक आहे.

आता स्पीकर जोडा. स्पीकरशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प कधीच चालवायचा नाही. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन फोडतं. तिन्ही व्हॉल्व्ह लावा, बल्ब सिरीजमध्येच ठेवून चालू करा, धूर-वास नाही हे पाच मिनिटं बघा, मग बल्ब काढून थेट द्या.

मोजमापं अशी यायला हवीत. पहिल्या कंडेन्सरवर ३२० ते ३५०. दुसऱ्यावर त्याहून साधारण ४० ने कमी, तिसऱ्यावर आणखी ३५-४० ने कमी. १२एएक्स७ च्या प्लेटांवर १४० ते १८०, कॅथोडवर सव्वा व्होल्टच्या आसपास. ६व्ही६ च्या कॅथोडवर १८ ते २०. या शेवटच्या आकड्यातून व्हॉल्व्हची तब्येत कळते. १९ भागिले ४७० म्हणजे ४० मिलीॲम्पियर. प्लेटचं व्होल्टेज वजा कॅथोडचं, गुणिले हा करंट, म्हणजे सुमारे १२ वॅट. ६व्ही६ ला १४ वॅटच्या पुढे नेऊ नका. गेला तर ४७० च्या जागी ५६० किंवा ६८० ओहम लावा. अंधारात प्लेट लाल दिसली तर ताबडतोब बंद करा.

सगळं जमलं की फीडबॅकची वायर टेकवून बघा. आवाज थोडा कमी आणि नीटस झाला तर बरोबर. जोराने किंचाळला तर बिघाड नाही, सिग्नल उलट्या दिशेने परत येतोय. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन वायरी अदलाबदल करा, अर्थातच ॲम्प बंद करून आणि चार्ज उतरवून.

घुरघुर असेल तर व्हॉल्यूम शून्यावर नेऊन कान द्या. १०० हर्ट्झची, जरा धारदार घुरघुर फिल्टरमधून येते. ५० ची, खोल घुरघुर हीटरच्या वायरी किंवा ग्राउंडमुळे. मी ग्राउंड दोन गटांत ठेवतो: पॉवर ट्रान्सफॉर्मर, पहिला कंडेन्सर आणि ६व्ही६ यांचं एका बोल्टला, गिटारच्या बाजूचं सगळं जॅकजवळ.

बदल

पहिला महिना काही बदलू नका. कानाला मूळ आवाज ओळखीचा झाल्याशिवाय बदल चांगला की वाईट हे कळत नाही. पुढेही एका वेळी एकच.

फीडबॅकला स्विच लावणं हा माझ्या मते सर्वांत फायद्याचा बदल. तोडला की आवाज मोठा आणि रांगडा होतो, लवकर फाटतो. त्यानंतर पहिल्या टप्प्याचा कॅथोड. ५एफ१ मध्ये तिथे कंडेन्सर नाही. २५ मायक्रोफॅरडचा लावला तर सगळेच सूर वाढतात, ०.६८ चा लावला तर मधले आणि वरचे. सिंगल कॉइल पिकअपच्या पातळ आवाजाच्या गिटारला मी २५ चा लावीन, जाड आवाजाच्या हंबकर पिकअपला ०.६८ चा. खालचे सूर गढूळ वाटत असतील तर जोड-कंडेन्सर ०.०२२ ऐवजी ०.०१ चा करा. आवाज लवकर फाटतो अशी तक्रार असेल तर काही न सोडता १२एएक्स७ काढून १२एवाय७ खोचा. १२एएक्स७ ची वाढ १०० पटीची, याची चाळीसच्या आसपास.

या सगळ्यांपेक्षा मोठा फरक स्पीकर पाडतो. एका वॅटला ३ डेसिबल जास्त आवाज देणारा स्पीकर म्हणजे ॲम्पची ताकद दुप्पट केल्यासारखं. मूळ चॅम्पमध्ये ८ इंची होता. बाहेर एक जॅक काढून १२ इंची जोडून बघा, तोच ॲम्प आहे यावर विश्वास बसणार नाही.

पेटीला एमआयडीसीत येणाऱ्या मशिनांच्या पॅकिंगचं पाइन चालतं. हलकं असतं आणि मूळ पेट्याही पाइनच्याच होत्या. त्या पेट्यांवरच्या कापडाला ‘ट्वीड’ म्हणतात, पण ते असतं सुती ट्विल. आपलं गाव कापडाचं, तेव्हा जाड सुती ट्विल शोधायला कुठे लांब जावं लागत नाही. गोंदाने बसवा, वरून लाखेचे दोन हात द्या. स्पीकरच्या तोंडाला मात्र चादर किंवा टॉवेल नको, कितीही शोभला तरी. कापड तोंडासमोर धरून फुंकर मारा. पलीकडच्या तळहाताला वारा लागला तर आवाजही जाईल. मागची फळी अर्धी उघडी ठेवा, व्हॉल्व्हची उष्णता तिथूनच बाहेर पडते.

शेवटी एका कागदावर तारीख, लाइनचं व्होल्टेज आणि वर सांगितलेली सगळी मोजमापं लिहून तो कागद पेटीच्या आत चिकटवा. जुन्या ॲम्पमध्येही कुठला व्हॉल्व्ह कुठे ते सांगणारा कागद असाच आत लावलेला असायचा. प्रत्येक बदलानंतर खाली नवी ओळ लिहा.